हळकुंड मोडल्याचा आवाज

वसमतमधल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर 'डिजिटल' हा शब्द माझ्या नावाच्या दुप्पट आकाराचा आहे. तो मी सांगितलेला नव्हता. पेंटर म्हणाला, "सर, नुसतं 'ध्वनिमुद्रण' लिवलं तर लोकांना वाटंल मुद्रांक मिळतेत." त्याचं खरं होतं. पाटी लागल्यावरही पहिल्या महिन्यात तीन जण भाडेकरार करायला येऊन गेले.

आता मी दुकानात रोज जात नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस जातो. तीस वर्षांत तिथे काय काय रेकॉर्ड केलं असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. भजनं केली, भारुडं केली, खताच्या जाहिराती केल्या. निवडणुकीत रिक्षावर फिरणारे 'आपला माणूस' केले. एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या पक्षांचा 'आपला माणूस' एकाच निवेदकाच्या गळ्यातून काढला आहे. एका संस्थाचालकांना स्वतःच्या भाषणाला मागून टाळ्या हव्या होत्या. मी विचारलं, "किती लोकांच्या?" ते गंभीरपणे म्हणाले, "पाचशेच्या ठेवा. हजार केलं तर खोटं वाटंल." त्यांचा हा संयम मला आवडला. बहुतेक गिऱ्हाइकांची मागणी एकच असते, आवाज 'भारी' करा. भारी म्हणजे घुमणारा. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं झालं की माणूस खूश होऊन घरी जातो.

हे काम बाहेरच्या माणसाला कसं समजावायचं, याचा मी बराच विचार केला आहे. आमच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो, मूठभर माल बाहेर काढतो आणि त्या मुठीवरून पोत्याची पारख करतो. डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे तेच. आवाज ही हवेतली सलग थरथर आहे. यंत्राला ती सलग ठेवता येत नाही, म्हणून ते सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा नळी खुपसून त्या क्षणाला थरथर किती होती एवढंच मोजून ठेवतं. ऐकायच्या वेळी त्या मापांवरून सगळी थरथर पुन्हा उभी करतं. आवाज जितका बारीक, म्हणजे जितका वरच्या पट्टीतला, तितकी त्याची थरथर जलद. प्रत्येक थरथरीची निदान दोन मापं तरी पडायला हवीत, असा नियम आहे.

नाही पडली तर काय होतं? लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाच्या गाडीचं चाक कधीकधी उलटं फिरताना दिसतं, ते आठवा. चाक सुलटंच फिरत असतं. कॅमेरा त्या मानाने सावकाश फोटो काढतो, म्हणून डोळ्याला खोटी चाल दिसते. आवाजाचंही तसंच. माप कमी पडलं तर बारीक आवाज नुसता गळून जात नाही, तो वेष बदलून खालच्या पट्टीत परत येतो. म्हणून मोजण्याआधी गाळणी लावायची. यंत्राच्या कुवतीबाहेरचं सगळं आधीच गाळून टाकायचं. आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण या गाळणीत आहे.

ते मला आलं फजितीतून. डिजिटलचे सुरुवातीचे दिवस होते. नरसीकडच्या एका भजनी मंडळाचं दीड तासाचं भजन मी रेकॉर्ड केलं. ते छोट्या मोबाइलमध्ये मावलं पाहिजे असा बुवांचा आग्रह होता. कुठून तरी फुकट मिळालेला एक प्रोग्रॅम होता. त्याला मी दर चार मापांतलं एकच ठेवायला सांगितलं, आणि गाळणी लावायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांनी बुवा दुकानात आले. खाली न बसताच म्हणाले, "सर, आमचं भजन चांगलं हाय. पण त्येच्यात चिमण्या कुठून आल्या?"

ऐकलं तर खरोखर चिवचिवाट. टाळांचा सगळा बारीक झणत्कार वेष बदलून खाली उतरला होता. आठ टाळकरी आणि निदान पन्नास चिमण्या. मी पुन्हा सगळं नीट करून दिलं, पण जाताजाता बुवा म्हणालेच, "पहिल्यात जरा रानात बसल्यावानी वाटत होतं, म्हणा." त्या दिवसापासून मी गाळणी विसरलो नाही.

पण सांगायचंय ते मारोतमामांचं.

मारोतमामा कुरुंद्याचे. पस्तीसेक वर्षं ते वसमतच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर हळद पारखायला बसत. शिजवून वाळवलेलं हळकुंड नीट सुकलं असेल तर मोडताना खणखणीत वाजतं, जवळजवळ धातूसारखं. आत ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. मामा ढिगातून हळकुंड उचलत, कानाजवळ नेऊन दोन्ही अंगठ्यांनी मोडत आणि एका शब्दात निकाल देत, "वाळली" किंवा "ओली". त्या शब्दावर लिलावाची बोली चढायची किंवा उतरायची. दुकानाच्या मालकांनी मध्ये ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. नारळ फुटला, हार घातला, यंत्राबरोबर मालकांचा फोटो निघाला. ते अजून कपाटात आहे, हारासकट. शेतकरी म्हणायचे, यंत्राला आमच्या मालाची काय माया? आणि व्यापारी म्हणायचे, मामांना विचारा. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला माणूस मोंढ्यात दुसरा नव्हता.

मामा एप्रिलच्या भर दुपारी माझ्या दुकानात आले. बरोबर त्यांची सून शारदा होती, तीच त्यांना स्कूटरवर घेऊन आली होती. मामांच्या हातात कागदाच्या तीन पुड्या.

"सर, तुमच्या मशिनीत आवाज बराबर दिसतो म्हणतेत. व्हय का?"

"दिसतो. ऐकूही येतो."

"मंग हे तिन्ही वाजवा आन् मला लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

मामांनी पुड्या माझ्यासमोर टेबलावर मांडल्या. उत्तर शारदानेच दिलं, "परवा मोंढ्यात ज्ञानोबा म्हणून एक जण हायेत, गावचेच, त्यांच्या ढिगाला मामा ओली म्हणले. ते म्हणले, मामा, माल न्हाई, तुमचा कान ओला झालाय. सगळ्यांम्होरं."

"आन् सगळे हसले," मामा म्हणाले. "पस्तीस वर्सात माझ्यावर कुणी हसलं न्हाई."

ज्ञानोबाने त्या दिवशी माल विकला नव्हता. पोती परत गाडीत घालून तो गावी घेऊन गेला होता. वर्षाचं एकच पीक, आणि ते घरात पडून. मामांना माझ्याकडून दाखला हवा होता. पुढच्या लिलावाला तो ज्ञानोबाच्या तोंडावर मारायचा, एवढाच त्यांचा बेत.

पुड्यांची योजना शारदाची होती. एकीत ज्ञानोबाच्या ढिगातली हळकुंडं, मामांनीच त्या दिवशी खिशात टाकलेली. एकीत मामांच्या घरची, त्यांच्या डोळ्यांदेखत वाळलेली, डब्यात ठेवलेली. आणि एकीत मुद्दाम ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. कुठल्या पुडीत काय, हे तिने आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बी.एस्सी.ला असताना प्रयोग असेच करतात म्हणे. मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या दुकानात आलेल्या अनेक विद्वानांना एवढं सुचलं नसतं.

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. भिंतींना गाद्या ठोकलेली, दहा बाय आठची खोली. पंखा बंद. एप्रिलमध्ये वसमतला पंखा बंद करणं हा आमच्या धंद्यातला खरा त्याग, त्याबद्दल कुणी हार घालत नाही. मापाचा वेग दुप्पट केला, सेकंदाला शहाण्णव हजार. हळकुंड मोडतं ते डोळा मिटायच्या आत, त्यात कसर नको. माइकजवळ बसून मामांनी प्रत्येक पुडीतली पाच-पाच हळकुंडं मोडली. घाम त्यांच्या भुवयांवरून ओघळत होता, पण अंगठे एकदाही चुकले नाहीत. खोलीभर हळदीचा वास सुटला.

मग मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवला. दुसरा शारदाला दिला. पहिली पुडी वाजवली.

"ओली," मामा म्हणाले.

दुसरी. "ओली."

तिसरी. "ही बी ओली. हाच ज्ञानोबाचा माल आसंल, घ्या."

मी पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या दिसतात, खाली जाड आवाज, वर बारीक. पहिल्या पुडीच्या पट्ट्या बुटक्या होत्या. दुसरीच्या आणि तिसरीच्या सरळ वरपर्यंत चढलेल्या, दोन्ही सारख्या. शारदाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिलाही ऐकू आलं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी गप्प बसावं असं मला वाटलं. माझा धंदाच लोकांना त्यांच्या मनासारखं ऐकवण्याचा. पाचशे माणसांच्या टाळ्या देणाऱ्याला एक दाखला देणं जड नव्हतं. 'यंत्राला फरक आढळला नाही' असं मोघम लिहिलं असतं तरी मामा ताठ मानेनं गेले असते, आणि ज्ञानोबाची पोती घरात राहिली असती. एक मिनिटभर मी उगाच बटणं फिरवत बसलो. ते मिनिट मला अजून आवडत नाही.

मग म्हणालो, "मामा, एक हळकुंड दोनदा वाजवतो. फरक सांगा."

तिसऱ्या पुडीतलं एक घेतलं. आधी जसंच्या तसं वाजवलं. मग गाळणी लावून सेकंदाला तीन हजार थरथरींच्या वरचं सगळं बारीक काढून टाकलं आणि पुन्हा वाजवलं.

"एकच तर हाय," मामा म्हणाले.

"शारदाताई?"

ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या बारीला कुणी तोंडावर गोधडी टाकल्यावानी वाटलं."

मामांनी हेडफोन काढला. "मंजे काय?"

"म्हणजे, मामा, मी यंत्रात जी गाळणी आत्ता लावली, ती तुमच्या कानात आधीच बसलेली आहे. वाळल्या हळदीची खणखण असते ती बारीक आवाजात. ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुम्हाला आता सगळीच हळद ओली वाजते."

"माझ्या कानाला काय धाड भरली? तुमी हळू बोलून राहिले ते समदं ऐकू येऊन राहिलं की मला!"

"बोलणं खालच्या पट्टीत असतं. बारीक आवाज आधी जातात, आणि गेलेले कळत नाहीत. माझे बघा." मी त्यांच्यासमोर स्वतःला हेडफोन लावला आणि यंत्रातून एक शिट्टी चढवत नेली. दहा हजाराच्या जरा अलीकडे मला ती ऐकू येईनाशी झाली. शारदा हात वर करून दाखवत होती, अजून वाजतीय, अजून वाजतीय. "मी आवाजाचा धंदा करतो आणि वरचं सगळं पडद्यावर बघून करतो. हे गिऱ्हाइकांना सांगत नाही इतकंच."

मामा थोडे हसले. मग म्हणाले, "हळद पॉलिश करायच्या ड्रमापाशी बसायचो मी, आधीची धा वर्सं. त्यो लई वाजायचा." मग पुड्यांकडे बोट करून, "पण खरंच ओल्या असतील तर? घरच्या डब्यात बी ओल जाती."

माणूस हट्टी होता, आणि हट्ट रास्त होता. मी त्यांना ऐकू येत नाही एवढंच दाखवलं होतं, हळद वाळलेली आहे हे नव्हतं. पडद्यावरच्या पट्ट्या त्यांनी का मानाव्या? त्यांनी आयुष्यभर कानालाच मानलं होतं. तेव्हा मला ती युक्ती सुचली. शहाण्णव हजार मापं होती. ती एका सेकंदात न वाजवता चार सेकंदांत वाजवली, तर हळकुंड चौपट सावकाश मोडेल आणि प्रत्येक बारीक आवाज दोन सप्तकं खाली येईल. चिमण्यांसारखा वेष बदलून नाही, रांगेने, आपापल्या जागा न सोडता. जे मामांच्या कानाबाहेर होतं ते कानात येईल.

मी पुड्यांचा क्रम मनातल्या मनात बदलला आणि वाजवलं.

सावकाश मोडणारं हळकुंड मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. आधी एक करकर, लाकडी दार उघडल्यासारखी. मग तडा, आणि तड्याच्या मागे घंटेसारखं काहीतरी, विरत जाणारं. मामांनी डोळे मिटले. दुसरं वाजवलं. तिसरं वाजवलं.

"पुन्ना," ते म्हणाले.

पुन्हा वाजवलं. चार वेळा वाजवलं. खोलीत भट्टी पेटली होती, पण कुणी पंख्याचं नाव काढलं नाही.

"मधला ओला," मामा म्हणाले. "आत नुसतं धब्ब हाय त्येच्यात. पहिला आन् शेवटचा..." त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. "खडखडीत वाळलेत. त्यो बघा, मागं वाजतोय. त्यो आवाज मी लई दिसांनी ऐकला."

कुठली पुडी कितवी वाजवली ते मी सांगितलं. शारदाने चिठ्ठ्या उघडल्या. मधला, फडक्यातला. पहिला, घरचा. शेवटचा, ज्ञानोबाचा.

अगदी बरोबर निकाल होता. कान हुकला असेल, पारख जागेवर होती. या धंद्यात मी पुष्कळ आवाज सुधारले, पण कुणाला त्याचा स्वतःचा कान घटकाभर परत दिल्याचं समाधान त्या एकाच दुपारी मिळालं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मामांना मात्र समाधान वगैरे काही नव्हतं. ते बोटावर काहीतरी मोजत होते. "शारदे, हे कधीपसून आसंल गं?"

"मला काय ठावं, मामा."

"मागच्या सालीबी मी लई जणांना ओली म्हणलो. मला वाटलं, लोक आता घाई करून राहिले, नीट वाळवंना गेले. घरी येऊन शिव्या घातल्या मी लोकांला." मग माझ्याकडे वळून, "लिहून देऊ नका काई. पुढच्या लिलावाला तुमी या फक्त."

"मी येऊन काय करू?"

"उभं ऱ्हा. तुमी दिसला तर मला माघार घेता येनार न्हाई."

मी गेलो. सवयीनं खिशातला रेकॉर्डर चालू होता. ज्ञानोबाने पोती पुन्हा आणली होती, पण मामांच्या दुकानापासून लांब, दुसऱ्या टोकाला ओतली होती. चाळिशीचा, बारीक चणीचा, एका न ओतलेल्या पोत्यावर बसून तो आपल्या ढिगाकडे बघत होता. मामा सरळ तिकडेच चालत आले तसा तो म्हणाला, "आता काय हितं बी येऊन ओली म्हनता का, मामा?"

व्यापाऱ्यांचा घोळका मामांच्या मागोमाग आला होताच. तमाशाचा वास मोंढ्याला हळदीच्या आधी येतो. मामांनी वाकून एक हळकुंड उचललं. सवयीनं हात कानापाशी गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"ऐका. ह्या मालाला मागच्या लिलावाला मी ओला म्हणलो. माल वाळलेला हाय. माझ्या कानाला वरचं ऐकू येईना गेलंय. ह्या सरांनी मशिनीवर दाखवलं, आन् मी सोता ऐकलं. मागच्या साली ज्येंच्या मालाला मी ओली म्हणलो, त्येंच्या घरी मी जाणार हाय. आजपसून माझ्या शब्दावर बोली लावू नका."

कुणी हसलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता बावीस सेकंदांची आहे. मागे हमालाची हाक आहे, टेम्पोचा हॉर्न आहे. मग कट्ट असा एक आवाज येतो. एका व्यापाऱ्याने हळकुंड उचलून मोडलं होतं. मग दुसऱ्याने. मग चारी बाजूंनी कट्ट, कट्ट, कट्ट. सगळे ते कानाशी धरून मोडत होते, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, की तुला काय ऐकू आलं.

मामा पुढे नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यातून माणसं नीट ऐकू येतात, हळद मात्र प्लास्टिकसारखी वाजते, अशी त्यांची तक्रार आहे. मी समजावलं की त्या यंत्रातही माप आणि गाळणीच असते. ते म्हणाले, "मंग तुमच्याच जातीचं हाय म्हणा की." पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी बोली चांगली चढली आणि ज्ञानोबाचा माल गेला. घोळका पांगायला लागला तेव्हा एका तरण्या व्यापाऱ्याने हातावरची हळद झटकत विचारलं, "पण मामा, आता आमी कुणाच्या कानानं ऐकायचं?"

"आपापल्या," मामा म्हणाले. "देवानं दोन-दोन दिलेत की सगळ्यांला. इतकी वर्सं नुसते चष्मा अडकवायला वापरून राहिले तुमी."

आता मात्र लोक हसले. ज्ञानोबा हसला नाही. तो पोत्यावर जरा बाजूला सरकला, आणि मामा त्याच्या शेजारी बसले.